पितळी चाळणी कोणाला

मी, कौशल्या दौलतराव कापगते, वय सत्तर, राहणार स्मृति नगर, भिलाई. हे लिहिताना माझं डोकं ठिकाणावर आहे आणि शेजारी बसून कोणी सांगत नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. हे माझ्या तेरवीच्या जेवणानंतर वाचावे, आधी नाही. कारण शेवटच्या कलमात आहे.

१. राहते घर मुलगा निखिल आणि सून वंदना यांना समान. रोज वाटीभर भिजवलेले चणे खाईल तोवरच घर निखिलचे, अशी अट घालायची होती. वकील म्हणाले, "काकू, चण्यावर घर टिकत नाही." अट काढली आहे.

२. बँकेतली ठेव नात प्राचीच्या शिक्षणासाठी. खलबत्ता आणि जवसाच्या चटणीची बरणीही तिचीच. चटणी रोज चमचाभर खावी. पेरू सालासकट खावा. ताटात भातापेक्षा लाल भाजी, म्हणजे लाल माठ, जास्त असावी. सगळं एकदम सुरू करू नये, पोट फुगतं. आठवड्याला एक गोष्ट वाढवावी आणि पाणी भरपूर प्यावं. ती ऐकते, म्हणून हे तिच्या कलमात लिहिलं.

३. कोशाची रेशमी साडी नणंद दुर्गा हिला. १९८२ साली यजमानांची स्टील प्लांटमधली नोकरी पक्की झाली, तेव्हा ती साकोलीहून आली होती. परातीतली कणीक पाहून म्हणाली, "वहिनी, दादा परमनंट झाला अन् तू त्याले कोंडा खाऊ घालून राहिली काय?" आमच्या गावात कोंडा म्हणजे हलाखीचे दिवस. दुसऱ्याच दिवशी यजमानांनी पावर हाउस भागातल्या बाजारातून पितळी चाळणी आणली. पुढची सतरा वर्षं आमच्या घरचा कोंडा गवळ्याच्या गाईने खाल्ला. गाय ठणठणीत होती. यजमानांचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं. साडी देते आहे, याचा अर्थ विसरले असा नाही.

४. जातं कोणालाही नको असेल तर अंगणात राहू द्यावे, तुळशीशेजारी.

५. पितळी चाळणी निखिलला. इथे थोडं सविस्तर लिहिते.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी न चाळलेल्या पिठाची पोळी खायला सांगितली. यजमान म्हणाले, "कोंडा ढोरं खाते. मी परमनंट मानूस आहो." मी वाद घातला नाही. रोज संध्याकाळी ते बाहेरच्या खोलीत बसले की मी चाळणीत मूठभर पीठ घेऊन, त्यांना ऐकू जाईल अशा थापट्या मारायचे. मग खाली पडलेलं पीठ, चाळणीतला कोंडा आणि उरलेलं न चाळलेलं पीठ एकत्र मळायचे. सोळा वर्षं ते दुर्गाला सांगत राहिले, "आमच्या घरची पोळी पाह्य, कशी मऊ." दुसरं ऑपरेशन झालं नाही. २०१५ साली गेले ते हृदयविकाराने. त्यांना कधी सांगितलं नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

निखिल, तुझे वडील गेल्यावर घरात पाकिटातला पांढरा आटा येऊ लागला आणि तीन वर्षांपूर्वी तुला शौचातून रक्त पडलं. डॉक्टरांनी तेच सांगितलं आणि तू म्हणालास, "आई, ये मरीजवाला खाना मले नको." बापाचाच मुलगा. तेव्हापासून तू ऐकतोस त्या थापट्या त्याच आहेत. वंदनालाही हे ठाऊक नाही.

मला मरणाची भीती वाटत नाही. माझ्यामागे तुझं पुन्हा तेच सुरू होईल, याची वाटते. वंदनाने थापट्या मारू नयेत. ती नोकरी करते आणि तू पंचेचाळीस वर्षांचा आहेस.

मी गेल्यावर तेरा दिवस घरात पाकिटातल्या पांढऱ्या आट्याच्याच पोळ्या झाल्या असतील, कारण कणीक मीच मळत होते. तुला त्रास सुरू झाला असेल तर तो दुःखाने झालेला नाही. चाळणी तुझ्या हातात आहे. ती न वाजवता कणीक कशी मळायची, हे आता तुला कळलं आहे.

साक्षीदार:
१) आनंदराव भेंडारकर, निवृत्त रेल्वे गार्ड, भिलाई-3 (सही)
२) नूतन शहारे, शेजारीण (सही)
३) निखिलचं पोट. सही तेराव्या दिवशी.

लिहून देणार: कौशल्या दौलतराव कापगते (सही)
भिलाई, १२ ऑगस्ट २०२५