हाताने भरलेलं चाक

आप्पा, काल नगरला जाऊन सायकलची चाकं बघून आले. या वयात सायकल कशाला, असं तुम्ही विचारलं नसतं; बाकी सगळ्यांनी विचारलं. सुप्यात घरापासून कंपनी जवळच, एका गियरची साधी सायकल पुरे. सांगाडा भाच्याचा जुना मिळालाय, चाकं तेवढी नवी हवीत. दुकानदाराने दोन जोड पुढे ठेवले. एक मशीनवर भरलेला, मोजक्या तारांचा, झकपक. दुसरा छत्तीस तारांचा, त्याने स्वतः हाताने भरलेला. मागे फ्री बसवू की फिक्स, म्हणाला. फिक्समध्ये चाक फिरेल तोवर पायडल फिरणार. म्हटलं, फ्रीच बसवा, पायांना थोडी उसंत हवी. तो हसला. जोड कोणता, ते मात्र माझ्याने ठरेना.

सोनईच्या आपल्या दुकानात मी नऊ-दहा वर्षांची. तुम्ही सायकल उलटी करून डुलणाऱ्या चाकाचा आऊट काढताय, मग एकेक तार नखाने छेडताय. "आऊट डोळ्याला दिसतो, पन ढिली तार कानालाच कळती. कळलं का?" मी म्हणते, "व्हय, आप्पा." गिऱ्हाईक आलं की तुम्ही मलाच पुढे करता. "आमच्या पोरीचा कान लई तिखट हाय. ती बरं म्हनली की मगच चाक बाहेर." माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं.

एकदा तुम्ही पाठमोरे बसून पंक्चर काढत होता, म्हणून दूधवाल्याचं मागचं चाक मी एकटीने तपासलं आणि बरं आहे म्हणाले. आठवड्यात तीन तारा तुटल्या. भरल्या कॅनसकट तो रस्त्यावर आडवा झाला, कोपर सोलून निघालं. तुम्ही म्हणालात, "तारांचा मालच खोटा निघाला. पोरीचा कान चुकायचा न्हाई." मग ज्याच्याकडून इतकी वर्षं तारा घेत होता, त्या व्यापाऱ्याला चारचौघांत नको ते बोललात आणि कायमचं तोडलंत. मी तिथेच उभी होते.

कंपनीत मी माल तपासते. गेजचा काटा सांगेल तेच लिहायचं, कानाचं काम नाही. पण काल दुकानदाराला तुमच्याबद्दल कौतुकाने सांगून बसले, तर तो म्हणाला, "मग ताई, तुमीच वाजवून बघा की." मी तारा छेडल्या. सगळ्या सारख्याच वाजल्या. आणि माझ्या लक्षात आलं, मी त्याच्या तोंडाकडे बघतेय.

तेव्हाही मी तारा ऐकत नव्हते, आप्पा. ढिली तार आली की तुमची डावी भुवई वर जायची, ती बघून मी बोलायचे. काल मशीनवरचा जोड घेतला. रंग आवडला, असं त्याला सांगितलं.

तुम्ही असता तरी हे तुम्हाला लिहिलं नसतं. पोरीचा कान, पोरीचा कान, असं तुम्ही लोकांना सांगत राहावं, एवढंच मला हवं होतं.