पहिला पोहरा

सिद्धार्थवाडी, डोंबिवली (पूर्व)
२ मार्च २०२५

आदरणीय आबा,
सविनय जय भीम.

तुमची तब्येत बरी आहे असं सगुणाआत्याकडून कळतं. तुम्ही माझ्याशी बोलत नाही, म्हणून तिला विचारावं लागतं. मी फोन केला की म्हणे तुम्ही कानातलं मशीन काढून ठेवता आणि "खरखर येते" म्हणून सांगता. बरं. पत्रात तर खरखर नसते ना? आणि जे तोंडाने नीट सांगता येत नाही ते लिहावं, असं तुम्हीच मला शिकवलंय. म्हणून लिहायला बसले.

इकडे सगळं ठीक. बाबांना वागळे इस्टेटला दुसरी पाळी लागलीय, त्यामुळे ते रविवारीच दिसतात. आईने तुमची गोधडी उन्हात टाकून परत घडी करून ठेवलीय, कोणाला हात लावू देत नाही. मांजरीने तुमच्या खुर्चीवर बस्तान मांडलंय. उठवायला गेलं की माझ्यावर गुरकावते. म्हणजे घरात उघडपणे तुमच्या बाजूची ती एक आहे.

वर्तकनगरला करमतं का? आत्याची बिल्डिंग चांगली आहे, लिफ्ट आहे, पण तुम्ही संध्याकाळभर खाली पायऱ्यांवर बसून असता असं ती म्हणाली. अजून एक म्हणाली. जाताना तुम्ही आपल्या विहिरीचं पाणी दोन कॅन भरून नेलंत, आणि तिच्याकडे फिल्टर असूनही तेच पिताय. आबा, हे ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. पण थांबा, पत्र बाजूला ठेवू नका. नीट सांगते.

तुम्ही निघून का गेलात, यावर वाडीत जो तो आपापलं कारण देतो. मंडळाचा नयनकाका म्हणतो, नातीने भर सभेत आबांना खाली बघायला लावलं. बाबा म्हणतात, पलीकडच्या टॉवरचा बिल्डर कधीपासून विहीर बुजवायला टपलाय, त्याच्या हातात स्वप्नाचा रिपोर्ट आयता पडणार म्हणून आबा रागावले. मी सगळ्यांना मान डोलावते. खरं कारण तुम्हाला माहीत आहे आणि मला. त्यावर येते, पण आत्ता लगेच हात धजत नाही.

आधी विहिरीचं सांगते. मी पर्यावरणशास्त्र घेतलं तेव्हा घरात तुम्ही एकटे माझ्या बाजूने होतात. बाबा म्हणालेले, "हे शिकून करणार काय? कचरा मोजणार?" तुम्ही म्हणालात, "मोजू दे की. आपल्याला आजवर उचलायलाच सांगितलं, मोजायला कोणी सांगितलं नव्हतं." मी हे कॉलेजात कितीतरी जणांना सांगितलंय.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट कारखान्यांमागच्या नाल्यावर घेतला. नाल्याचं पाणी किती खराब ते दाखवायचं, तर तुलनेला शेजारी एक चांगलं पाणी लागतं. मॅडमनी विचारलं, "तुझ्या भागात स्वच्छ पाणी कुठे मिळेल?" मी जराही विचार न करता म्हटलं, "आमची विहीर आहे ना!"

इथेच चुकलं बघा. वर्गात दुसऱ्या कोणी असं केलं नसतं. कारखान्याच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावरची विहीर स्वच्छ म्हणून कोण धरेल? पण मी पडले आपल्या वाडीची. गावच्या विहिरीवर आपल्याला चढू देत नव्हते, म्हणून तुम्ही आणि तुमच्या जोडीदारांनी दिवसा मजुरी करून संध्याकाळी कातळ फोडला, हे मी कळायला लागल्यापासून ऐकतेय. घरात नळ आला तरी आपल्या माठात पाणी विहिरीचंच. ते पाणी वाईट असू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

नमुना तुम्हीच काढून दिलात. बाटली आधी त्याच पाण्याने विसळायची असते म्हटल्यावर तुम्ही हसलात, "आधी आंघोळ घालतेस होय तिला?" आणि लेबल लिहायला बसले तर म्हणालात, "मोठ्या अक्षरात लिही. सिद्धार्थवाडीची विहीर."

निकाल आला तेव्हा मला वाटलं बाटल्या उलटसुलट झाल्या. मॅडम म्हणाल्या, पुन्हा आण. पुन्हा नेलं. मग दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवलं, तरी तेच. दिसायला स्वच्छ, चवीला गोड, आणि आत शिसं आणि क्रोमियम. नाल्यातून वाहतं ते निदान डोळ्यांना दिसतं. जमिनीतून झिरपत येतं ते दिसत नाही. तुरटी फिरवून, फडक्याने गाळून, उकळून जात नाही ते. उकळल्याने जंतू मरतात आबा, धातू तसाच राहतो.

विहारातल्या सभेत मी हेच वाचून दाखवलं. कॉलेजात वाचतात तसं, खाली मान घालून, तुमच्याकडे न बघता. मग जो गलका झाला तो झाला. घरी आल्यावर मी ताटं मांडत होते आणि तुम्ही आजीच्या फोटोकडे तोंड करून मला विचारलंत,

"म्हणजे मी रमाला विष पाजलं का गं?"

लिहिलं एकदाचं.

आजीच्या किडन्या गेल्यावर डॉक्टरांनी तिला पाणीसुद्धा मोजून प्यायला सांगितलेलं. जेवढं मिळायचं तेवढं तिला विहिरीचंच हवं असायचं. "आपलं द्या," म्हणायची. तुम्ही चमच्याने पाजायचात. शेवटचा चमचाही तुमच्याच हातचा होता. मी दारात उभी होते तेव्हा.

तुम्ही विचारलंत आणि मी गप्प बसले. आम्हाला कॉलेजात पहिल्या दिवसापासून शिकवतात, पुराव्याशिवाय बोलू नका. विहिरीच्या निकालावरून एका माणसाच्या आजाराचं कारण ठरवता येत नाही. हे वाक्य अगदी ओठांवर आलं, आणि मला त्याची लाज वाटली. आजोबांशी असं बोलतात का? म्हणून काहीच बोलले नाही. सकाळी उठून बघते तर दाराशी तुमच्या चपला नव्हत्या.

आज उत्तर देते. "नाही" असं मला म्हणता येत नाही. "हो" असंही म्हणता येत नाही. आजीला शुगर होती, बीपी होतं. त्यात पाण्याने किती केलं, हे आता कोणालाच कळणार नाही. मलाही नाही, माझ्या मॅडमनाही नाही. खोटं बोलून तुम्हाला शांत झोप लागली असती तर बोलले असते, पण माझं खोटं तुम्ही लगेच पकडता. एक मात्र मला पक्कं ठाऊक आहे. विष ज्यांनी जमिनीत सोडलं, त्यांनी पाजलं. तुम्ही पाणी पाजलंत. तिने मागितलं ते पाजलंत.

आणि आत्याकडे बसून ते कॅन का संपवताय, तेही मला कळतं. तिने प्यायलं तर मीही पिणार, असंच ना? मला फार राग येतो तुमचा. मी रडतेय पण राग खरा आहे. आजी गेली तेवढं पुरे झालं मला. ते पाणी ओता. आत्याच्या कुंड्यांना नको, मोरीत ओता.

आता वीस मार्च आला. दरवर्षी महाडला चवदार तळ्यावर जाणारी बस सुटायच्या आधी वाडीतलं सगळ्यात वयस्कर माणूस पहिला पोहरा काढतं आणि आपण सगळे त्यातलं ओंजळभर पाणी पितो. यंदा काय करायचं यावरून पुन्हा वाजलं. कोणी म्हणे बाटलीबंद पाणी वाटू. नयनकाका म्हणे, आपण पिणारच, बापजाद्यांचं पाणी आहे. मी म्हटलं, पोहरा काढायचाच, पण प्यायचा नाही. सगळ्यांसमोर बाटल्या भरायच्या, सील करायच्या आणि वाडीच्या सह्यांनिशी प्रदूषण मंडळात नेऊन द्यायच्या. विहीर बुजवू द्यायची नाही. तीच तर आपला पुरावा आहे. वर जाळी टाकायची, आणि पाणी साफ होईपर्यंत दर महिन्याला पोहरा काढत राहायचा. तेव्हा तळ्याचं पाणी पिऊन दाखवावं लागलं, आता आपल्या विहिरीचं नाकारून दाखवावं लागणार आहे.

शेवटी नयनकाका म्हणाला, "आबा आले तर दोर मी धरतो."

पण तुम्ही नसाल तर दोराला हात लावायला कोणी पुढे येणार नाही. मी तर नाहीच लावणार.

बाटल्यांची लेबलं तयार केलीत. ठिकाण, तारीख सगळं लिहिलंय. नमुन्याला एक नाव द्यायचं असतं, तेवढी जागा कोरी ठेवलीय. ते तुम्ही सांगायचं.

उत्तर आल्याशिवाय गप्प न बसणारी, तुमची
स्वप्ना


वर्तकनगर, ठाणे
९ मार्च २०२५

चि. स्वप्नास,
आबाचा जय भीम आणि आशीर्वाद.

पत्र मिळालं. भिंग घेऊन दोनदा वाचलं. सगुणा मागत होती, तिला दिलं नाही.

एक कॅन संपला होता. दुसरा काल ओतला. ते पाणी सांडलं म्हणून लहानपणी तुझ्या बापाला मी मारलं आहे, आणि काल मीच मोरीत ओतलं.

तू "नाही" लिहिलं असतंस तर मी आलो नसतो. इथे सगळे मला तेच सांगतात, "नाही हो, तसं काही नसतं." मला समजूत नको होती. मला कोणीतरी खरं सांगायला हवं होतं. ते तू सांगितलंस. तुला शिकवलं ते फुकट गेलं नाही.

अठरा तारखेला येतो. न्यायला कोणी येऊ नये, मला रस्ता माहीत आहे. दोर जुना झाला आहे, तुझ्या बापाला नवा आणायला सांग. नयनला म्हणावं, दोर धर, पण ओढणार मी. बिल्डरचा माणूस आला तर त्याला माझ्याकडे पाठव. मांजरीला खुर्चीवरून उठवू नकोस, मी आल्यावर बघतो.

नमुन्याचं नाव विचारलंस. रमाबाई लिही.

मोठ्या अक्षरात लिही.

तुझा आबा,
रामा