मागचे चाक आत्याकडे

१. रविवारी मी मोटरसायकलच्या मागच्या चाकाचे छत्तीस स्पोक ओट्यावर बसून साफ केले. राख आणि लिंबाऐवजी बॅटरीचे ॲसिड वापरले.
२. स्पोक चकाकले.
३. सोमवारी पाना लावताच एक तुटला. हलक्या हाताने दुसरा कसला, तोही तुटला.
४. मी चाक काढून फेब्रोनिया आत्याकडे ठेवले.

मी, प्रोस्कोव्हिया नाकिमेरा, वय सव्वीस, मसाका येथील मेकॅनिक, गुरुवारी गळ्याच्या गाठीच्या शस्त्रक्रियेला जात आहे. साधी शस्त्रक्रिया आहे, असे डॉक्टर दोनदा म्हणाले. एकदा पुरले असते. डोके ठिकाणावर आहे; कुणी सांगितले म्हणून मी हे मृत्युपत्र लिहीत नाही.

माझी बचत आईला. सगळे पाने आणि व्हर्नियर कॅलिपर वर्कशॉपमधल्या नासूनाला. तिने ते परत पेटीत ठेवायला शिकावे. मुकासा फोरमनला काही नाही. तीन वर्षे तो मला नावाने हाक मारू शकला नाही.

मोटरसायकल माझा भाऊ सेम्पिजा याला. बाबांनी ती थोरल्याला न देता माझ्या नावावर केली. दादा याबद्दल कधीच बोलला नाही, म्हणून ते जास्त टोचते. ॲसिड त्यानेच आणले. "मोटरसायकल-टॅक्सीच्या स्टँडवर सगळे हेच लावतात गं. गिऱ्हाईक आधी चाक बघतं, मग तोंड!" पंचवीस तारखेला त्याचा क्वांजुला, म्हणजे मुलीच्या घरी भेटी नेऊन मागणी घालायचा समारंभ; मुलीकडच्यांसमोर चकाकत जायचे होते. ॲसिडने पोलाद ठिसूळ होते हे मी शिकले आहे. तरी लावले. त्याने माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितले होते.

काल त्याला तुटलेले तुकडे दाखवले.

"दोनच ना? चौतीस आहेत की, इंजिनीअरीणबाई!"

"दादा, तेही तसेच झालेत."

"दिसत तर नाही."

"तेच तर सांगतेय."

"तू बरी होऊन ये. तोवर मी हळू चालवतो."

तो हळू चालवत नाही. मागे भेटीच्या टोपल्या बांधणार, रस्ता उताराचा.

म्हणून मागचे चाक मोटरसायकलसोबत जाणार नाही. ते आत्याच्या ताब्यात राहील, मी जिवंत असले तरी आणि नसले तरी. सगळे छत्तीस स्पोक नवे बसवून नासूनाने तपासल्याशिवाय ते कुणालाही देऊ नये. कायद्यात हे बसत नसेल, तर आत्याने मनात बसवावे.

आत्या, काल तू म्हणालीस, "तो हसला की माझे हात सैल पडतात, बाळे." मला झोप लागत नाही ती गाठीमुळे नाही, या वाक्यामुळे.

सही: प्रो. नाकिमेरा
साक्षीदार: १. एलिझेउस कातेंडे, शेजारी (सही) २. रेहेमा नामुली, परिचारिका (सही)
मसाका, मंगळवार, १४ नोव्हेंबर २०२३

आत्या, गुरुवारी सकाळी आठला मला आत नेतील. चाक त्याला देणार नाहीस ना, ते बुधवारी, १५ तारखेला, संध्याकाळी पाचपर्यंत लिहून कळव.