करंजेल आणि खडूच्या रेघा

यवत,
ता. १९ मे १९५९

प्रिय हुसेनबीस,

म्हाळसाचा नमस्कार. अम्मींना सलाम सांग आणि त्यांचा गुडघा कसा आहे ते कळव. शिवणाच्या वर्गाला यंदा मुली किती आल्या? माझी प्रकृती ठीक आहे, काळजी नसावी.

फेब्रुवारीत पुण्याला माझे ऑपरेशन झाले. उजवा स्तन काढला. (हे लिहिता येते. तोंडाने अजून एकदाही म्हटलेले नाही.) माझी थोरली बहीण गिताताई जाऊन येत्या आषाढात वर्ष होईल. तिचा आजार हाच, पण तिने कोणाला सांगितला नाही. मी सांगितला, म्हणून पत्र लिहायला आहे. जखम भरली. आता व्रण आहे, तो छातीपासून काखेखालून मागे जातो आणि वाळल्या चामड्याच्या वादीसारखा ओढतो. हात खांद्याच्या वर जात नाही. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा फळ्याच्या वरच्या ओळीला हात पोचला नाही, तर चौथी काढून मला बालवर्ग देणार, असे हेडमास्तर म्हणाले. (चांगल्या शब्दांत म्हणाले.)

नर्सबाईंनी दोन कामे लावून दिली. व्रणाला खोबरेल लावून हलके चोळायचे, आणि रोज भिंतीकडे तोंड करून बोटे मुंगीसारखी वर चालवायची, थांबतील तिथे खडूने रेघ मारायची. एके दिवशी शेजारची भागुबाई ताक घेऊन आत आली. अंघोळ करून भिंतीसमोर उभी असलेली मी आणि एकावर एक रेघा, एवढ्यावरून हा माझा नवस आहे असे तिने ठरवले. मी तसेच समजू दिले. (खरे कारण सांगण्यापेक्षा नवस सोपा होता.) मंगळवारी रेघांना हळदकुंकू लागले, शुक्रवारी नारळ फुटला. म्हणाली, "नवस कशाचा ते सांगू नका बाई, पर किती रेघांचा हाय तेवढं सांगा." मी पंधरा म्हणाले, कारण पंधराव्या रेघेला फळ्याची उंची येते. आठ दिवस झाले, मी अकरावर अडकले आहे. आळीतल्या चार बायका रोज येऊन रेघा मोजतात, एकीने माझ्यासाठी सोमवार धरला आहे, आणि कुंकवाखाली अकरावी रेघ कोणती हे मलाही सांगता येत नाही.

मग दौंडाकडून आबा आले. (माझे मामा. जन्म मेंढरांमागे गेला, आता शेती करतात.) लोकर कातरताना मेंढीला कात्री लागते, त्यातले त्यांना सगळे कळते. ओट्यावर पाठ करून बसले आणि व्रण केवढा, कोरडा की ओला, हे मेंढीचे विचारावे तसे विचारले. मी दाराआडून उत्तरे दिली. त्यांनी करंजेलाची, मेंढरांना लावतात त्या उग्र वासाच्या तेलाची, बाटली दिली. पुढे एकदा मी ते लावून दौंडच्या एस.टी.त बसले, तर पाटसपर्यंत माझ्या बाकावर कोणी बसले नाही. भर उन्हाळ्यात प्रवास चांगला झाला.

बाटली दिली त्या दिवशी जाताना आबांनी मला हात मागे नेऊन दाखवायला सांगितले. पाहून म्हणाले, "अर्ध्याच वणाला तेल लागतंय तुझ्या. मागं हात कुठं पोचतोय? मेंढी लाजत न्हाई, म्हणून लवकर बरी होती." मी म्हणाले, माझे मी पाहते.

तर असे सर्व ठीक चालले आहे.

तुझी,
म्हाळसा

ता.क. एक पोलके शिवून हवे. उजव्या बाजूला आतून खिसा ठेव, कापूस भरता येईल असा. मापे पाठवत नाही. माझी मला घेता येत नाहीत.

ता.क. मापे द्यायला येत्या सोमवारी शिरूरला तुझ्याकडे येते. पोलके एका दिवसात होते हे मला माहीत आहे, तरी दहा दिवस राहीन म्हणते. पाठीकडचा व्रण मी घरी आल्यापासून कोणी पाहिलेला नाही, मीही नाही. त्याला तेल लावायला कोणीतरी हवे. ट्रेनिंगला आपण दोन वर्षे एका खोलीत राहिलो, म्हणून तुला लिहिले. ताई असती तर तिलाच सांगितले असते, तुला लिहिले नसते.

ता.क. जमणार नसेल तर कार्डावर "पोलके होणार नाही" एवढेच लिही. मला कळेल.