दादाचा मासा

ती. आई,

पायांवर डोकं ठेवते.

रुग्णवाहिकेवरची नोकरी मिळाली. एक तारखेला रुजू होते, काळजी करू नकोस.

दादा गेल्यावर मी हातावर गोंदवलेला त्याच्या वहीतला तो वेडावाकडा मासा झाकायला, तू बजावल्याप्रमाणे लांब बाह्यांचा शर्ट घातला होता. पण मुलाखतीच्या बाई म्हणाल्या, "बाह्या कोपराच्या वर घ्या नि हात धुऊन या. इथे सगळे तसंच काम करतात." झाकली मूठ तिथेच उघडली.

बाई माशाकडे बघत म्हणाल्या, "चालेल. पण गाडीतला पेशंट घाबरलेला असतो, काहीबाही विचारतो. समजा, मी पेशंट. हा कोणी काढला?"

"दादाने. चित्रकलेत ढ आहे."

"कुठे असतो दादा?"

घाबरलेल्या माणसाला खरं कसं सांगणार? म्हटलं, "घरी. आईजवळ."

बाईंनी कागदावर सही केली.

तेव्हापासून खोलीत येरझाऱ्या घालत तेच म्हणून बघतेय. दर वेळी 'आईजवळ'पाशी थांबते नि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

तुला कोणी विचारलं, मुलं किती, तर तू काय सांगतेस? एक तारखेच्या आत कळव.

गोळ्या चुकवू नकोस.

तुझी,
धाकटी