आधी कोणाचं नाव?

४ जानेवारी, सकाळी ५.४०
उठलो. ठरल्यापेक्षा चाळीस मिनिटं उशिरा, पण उठलो. खात्याची बढतीची परीक्षा बरोबर आठ आठवड्यांवर. पंचेचाळीस पूर्ण झाल्यावर बसू देत नाहीत, म्हणजे ही शेवटची. यंदा गणिताचा फडशा पाडायचा. सुरुवात कॉम्बिनेशनपासून, कारण गेल्या दोन्ही वेळा तिथेच माती खाल्ली. प्रश्नच मोघम होते.
६.१५. पेन्सिलला टोक केलं. आज रविवार. मेंदूलाही सुट्टी लागते.

९ जानेवारी
आठ कर्मचाऱ्यांतून तिघांची समिती किती प्रकारे निवडता येईल? माझं उत्तर ३३६. पुस्तकात ५६. पुस्तक स्वस्तातलं आहे.

१० जानेवारी
मुलीला दाखवलं. बारावीत आहे, त्यामुळे स्वर्ग दोन बोटं उरलाय. म्हणाली, बाबा, तीच तीन माणसं कुठल्याही क्रमाने लिहा, समिती एकच. म्हणून सहाने भागायचं. हसू आलं. बावीस वर्षं मी समित्यांचे आदेश टाइप करून घेतोय. गेल्या वर्षी माझं नाव दुसऱ्याऐवजी तिसऱ्या ओळीत गेलं, तर मी तीन अर्ज केले होते. आणि क्रमाने फरक पडत नाही म्हणे! एकदा ऑफिसात येऊन बघ म्हटलं. तर म्हणाली, पेपर ऑफिसातला माणूस काढत नाही. उलट उत्तरं द्यायला कोण शिकवतं देव जाणे.

१९ जानेवारी, जेवणाच्या सुट्टीत
दहा माणसं, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हात मिळवला. एकूण किती वेळा? पुस्तक म्हणतं ४५. सरळ सरळ ९० होतात. मी साहेबांशी हात मिळवणं आणि साहेबांनी माझ्याशी मिळवणं, हे एकच? अकरा वर्षांत साहेबांनी एकदाही आपणहून हात पुढे केलेला नाही.
टायपिस्टबाईही परीक्षेला बसतायत. पहिलीच वेळ. कॉम्बिनेशन त्यांच्या डोक्यावरून जातं, म्हणून तो धडाच सोडून दिलाय म्हणे. कीव आली.

२ फेब्रुवारी
दोन आठवडे अभ्यास नाही. आधी सर्दी, मग शेजाऱ्यांचं ड्रिल मशीन. आज मात्र तीन रंगांत टाइमटेबल केलं. बायको म्हणाली, गेल्या वेळचंच चाललं असतं, कुठे वापरलंय? तिला नियोजनातलं कळत नाही.

३ फेब्रुवारी
हिरवा रंग संपला.

१८ फेब्रुवारी
साहेबांनी जिन्यात विचारलं, अजून बसताय परीक्षेला? त्या ‘अजून’चा राग आला. दिवसभर फाइल उघडली नाही. तशी कालही उघडली नव्हती, पण आज निषेध म्हणून.
बायकोने तिच्या बहिणीला फोनवर सांगितलं की यंदा ह्यांचं नक्की आहे. मी दाराआड उभा होतो. तिच्या आवाजात इतकी खात्री होती की मला घाबरायला झालं. अर्थात खात्री आहेच.

१ मार्च, दुपारी २
पेपर फक्कड! पन्नास प्रश्नांत कॉम्बिनेशनचे चार. चारही सोडवले. आणि गंमत म्हणजे चारही वेळा माझं उत्तर पर्यायांत छापलेलं होतं, अगदी आकड्याला आकडा. चुकीचं असतं तर त्यांनी कशाला छापलं असतं? पुस्तक एकीकडे, सरकार एकीकडे.
बाहेर टायपिस्टबाई भेटल्या. ते चार कोरेच ठेवले म्हणाल्या. धीर दिला. येताना पाटीवाल्याच्या दुकानात पितळी अक्षरं बघून आलो.

२७ मार्च
यादी लागली. पास व्हायला पंचवीस. मला चोवीस.
टायपिस्टबाईंना पंचवीस. साहेबांनी टाळ्या वाजवायला लावल्या. मीही वाजवल्या, इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ, कारण थांबल्यावर चेहऱ्याचं काय करायचं ते कळेना. फार वाईट वाटलं. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो: बाथरूममध्ये जाऊन रडलो.

२८ मार्च
मुलगी माझी उत्तरपत्रिका घेऊन बसली. चुकीला पाव मार्क कापतात. चारही उत्तरं चूक. चार पाव, एक मार्क. म्हणाली, बाबा, ते चार नुसते कोरे ठेवले असते तरी तुम्ही पास झाला असता. एरवी तोऱ्यात बोलते, हे मात्र हळू बोलली. तेच जास्त लागलं. बायकोने ताट वाढलं.
बावीस वर्षं खुर्चीत काहीही न करता बसलो, कोणी एक शब्द बोललं नाही. नेमकं त्या दिवशी काम करायची दुर्बुद्धी झाली.
सोमवारी रजा टाकावी म्हणतो. पण सोमवारपासून रजेचे अर्ज टायपिस्टबाईंकडे द्यायचे आहेत.