एकशे बारा क्रमांकाचा रॅप्टर

मी, श्रीमती पुष्पलता विश्वनाथ ढोबळे, वय एकाहत्तर, राहणार त्रिमूर्तीनगर, नागपूर, बत्तीस वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या चोवीस तारखेला धंतोलीत माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. बिघाड हृदयात आहे, डोक्यात नाही. कोणाचाही दबाव नाही. माझ्यावर दबाव टाकेल असा माणूस नागपुरात अजून यायचा आहे.

कलम १. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी मुलगी काजल व मुलगा साहिल यांना निम्म्या-निम्म्या द्याव्यात. त्या दोघांत भांडण नाही. भांडण साहिलचं आणि माझं आहे, आणि त्याला सहा वर्षं झाली.

कलम २. हॉलमधल्या काचेच्या कपाटात सिनेमातल्या डायनासोरच्या अकरा मूर्ती आहेत. पैकी लांब मानेची मूर्ती कॉलेजच्या संग्रहालयाला द्यावी. सोबत माझ्या अक्षरातलं कार्ड ठेवावं: 'शेपूट जमिनीवर फरपटत नसे, ही सिनेमावाल्यांची चूक आहे.' कार्ड लावणार नसतील तर मूर्तीही देऊ नये.

मोठ्या जबड्याचा टी-रेक्स माझे धाकटे दीर बळीरामभाऊजी यांना. दर दिवाळीला ते विचारतात, "वहिनी, ह्या पाली कितीले घेतल्या वं?" भाऊजी, ही मूर्ती डुप्लिकेट आहे. वजनाला हलकी, मांडीवर साच्याची रेघ, तळाशी नंबर कोरलेला नाही, नुसता चिकटवलेला. इतवारीतल्या एका दुकानदाराने मला अस्सल म्हणून गळ्यात मारली. तुम्हाला फरक पडणार नाही. विकायची झाल्यास मात्र डुप्लिकेट म्हणूनच विकावी.

उरलेल्या नऊ मूर्ती काजलच्या मुलीला, वेदिकेला. ती एकटीच त्यांची किंमत विचारत नाही.

कलम ३. माझा हातोडा आणि भिंगही वेदिकेला. बारीक दातांची करवत कोणालाही देऊ नये. ती भंगारात घालावी. कारण सांगते.

साहिलने पुण्यात नोकरी लागल्यावर तीन महिन्यांचा पगार घालून त्याच सिनेमातल्या रॅप्टर डायनासोरची मूर्ती मागवली होती. पाचशेच मूर्ती काढलेल्या, त्यातली एकशे बारावी. भाड्याच्या खोलीत जागा नव्हती म्हणून तो रॅप्टर खोक्यासकट माझ्याकडे ठेवला. मी तो रोज बघायची आणि माझा जीव कासावीस व्हायचा. अहो, सगळंच चूक! हा प्राणी खरा मोठ्या कोंबड्याएवढा, सिनेमात माणसाएवढा दाखवलेला. अंगावर एक पीस नाही. पंजे खाली वळवलेले, जसे काही पेटी वाजवतोय. खरे तळवे एकमेकांकडे असतात, टाळी वाजवताना असतात तसे. शेवटी त्याच्या वाढदिवसाला मी तो दुरुस्त केला. पंजे मनगटापासून कापले, तळवे समोरासमोर येतील असे नवे घडवून बसवले, अंगावर पिसं लावली, रंग दिला. खोकं जागा अडवत होतं, ते रद्दीवाल्याला दिलं. इतका अचूक रॅप्टर जगात दुसऱ्या कोणाकडे नसेल, असं मी कौतुकाने त्याला म्हणाले.

साहिल म्हणाला, "काहून केलं आई तू हे?" आणि जेवणाचं ताट तसंच ठेवून निघून गेला.

मला वाटलं, किंमत गेली म्हणून रागावला. म्हणून मी किंमत शिकले. साठी उलटल्यावर या मूर्ती जमवल्या त्या त्यासाठी. खोक्याला मोल असतं, कापलेल्याला नसतं, एवढं मला कळलं. लोक आता मूर्ती पारखायला माझ्याकडे आणतात. साहिल मात्र आला नाही.

मागच्या महिन्यात काजल म्हणाली, "आई, त्याले खरा डायनासोर नव्हता पाहिजे वं. त्याले बाबासोबत टॉकीजमध्ये पाहिलेला पाहिजे होता." साहिल सात वर्षांचा असताना हे त्याला तो सिनेमा दाखवायला घेऊन गेले होते. भीती वाटली म्हणून तो अख्खा सिनेमा यांच्या मांडीवर बसून होता. पुढच्या वर्षी हे गेले. सिनेमाच्या दिवशी मी पेपर तपासत घरी होते. मांडीवरची ही गोष्ट मला माहीतच नव्हती. मी माझ्या लेकराच्या आठवणीवर करवत चालवली, आणि वर त्याच्याकडून शाबासकी मागितली.

कलम ४. तो रॅप्टर साहिलला द्यावा, असं मी कच्च्या मसुद्यात लिहिलं होतं. वकील चिन्मयीताईंनी ते खोडलं. म्हणाल्या, "मॅडम, पावती साहिलच्या नावाची आहे. दुसऱ्याची वस्तू मृत्युपत्रात देता येत नाही."

बरोबर आहे. म्हणून तो रॅप्टर या मृत्युपत्रात नाही. त्याचे मूळ पंजे मी कापसात गुंडाळून, तारखेची चिठ्ठी लावून ठेवले आहेत. परत जोडता येतील, सांधा दिसेल. पण मालकाने सांगितल्याशिवाय मी आता त्याला बोट लावणार नाही.

साहिल, हे मला मेल्यावर सांगायचं नाही. माझं चुकलं रे. या कागदाची एक प्रत मी आजच तुला स्पीड पोस्टाने पाठवते आहे. ये, आणि तुझ्या वस्तूचं काय करायचं ते माझ्यासमोर सांग.

व्यवस्थापक म्हणून काजलला नेमते. वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: पुष्पलता विश्वनाथ ढोबळे

साक्षीदार:
१. श्रीधर गोविंद पाठक, शेजारी (सही)
२. दिपाली मनोहरराव ठवकर, माजी विद्यार्थिनी (सही)

स्थळ: नागपूर
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५